खणातला गूळ

हजेरीच्या खणात, डस्टरच्या मागे,
हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत गूळ आहे.
शेजारी बोट टोचायचं मशीन, पट्ट्या, कापूस,
आणि एक वही, जिच्यावर मी 'संचिता घाडी' एवढंच लिहिलंय.
आजाराचं नाव नाही. मुलं वह्या चाळतात.

इन्सुलिन कोपऱ्यातल्या माठात.
शाळेला फ्रीज नाही, आणि जांबोटीच्या वर
लाईट असते तेव्हा असते.
म्हणून माठात वाळू, वाळूत वाडगं, वर ओलं पोतं.
'ह्याला हात लावू नये' असं खडूनं लिहिलं,
तर पहिलीतल्यांनी विचारलं, आत देव ठेवलाय काय?
मी हो म्हटलं नाही.
नाही पण म्हटलं नाही.

तिचं कार्ड खानापूरहून आलं ते कानडीत.
मी नर्सबाईंना फोनवर अक्षर लावून लावून वाचून दाखवलं.
शिवलीला त्यांचं नाव, उपकेंद्रात गुरुवारी असतात.
"टीचर, सक्करे अंदरे साकरच की हो.
सत्तरच्या खाली आला की बेल्ल द्यायचा, बेल्ल.
भ्यायचं नाही."
मी भ्याले.
डी.एड.ला फळा वरून खाली पुसायला शिकवलं होतं,
हे नव्हतं.

आई काजूच्या कारखान्यात. बोटं चिकानं काळी.
म्हणाली, बाई, तुमचे हात स्वच्छ,
दुपारची सुई तुम्हीच मारा.
पहिल्या दिवशी माझाच हात हलायला लागला.
तिनंच शर्ट वर करून पोट दाखवलं,
"हितं नको, काल हितं मारलेलं. हितं."
आठ वर्षांची.

दुधाच्या वेळी तिचा पेला बिनसाखरेचा.
चिक्की वाटताना ती खिडकीकडं बघते,
आणि मी फळ्यावरचं काहीतरी पुसत बसते,
पुसायचं नसलेलंसुद्धा.

मग तो मंगळवार.
मला तालुक्याला ट्रेनिंग. आरोग्याचंच होतं,
हात धुण्याच्या पायऱ्या.
खणाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.
कुलूप मीच घातलेलं,
मुलं गूळ चोरतात म्हणून.

कवायतीनंतर ती भिंतीला टेकली.
"मी थरथरूलालो," म्हणाली.
आमच्याकडं मुलीही असंच बोलतात,
साहेब यायचे असले की मी सुधारते.
चौथीतल्या मकबूलनं कंपासनं खण उचकटायला घेतला,
टोक मोडलं.
कुणी म्हणालं कांदा हुंगवा,
कुणी म्हणालं, हे बाहेरचं हाय.
तेवढ्यात गोदा स्वयंपाकघराकडं पळाली.
तिथं निंगव्वा भात उतरवत होती,
बैलहोंगलकडची, मराठीचे पाच-सहा शब्द तिच्यापाशी.
गोदाकडं कानडी त्याहून कमी.
"सक्करे!" एवढंच ओरडली.
निंगव्वानं कशाला म्हणून विचारलं नाही.
दुधाच्या डब्यातली साखर,
ग्रॅमवारी लिहावी लागते ती साखर,
मूठभर पदरात घेऊन
अनवाणी धावली मैदानातून.

हे सगळं मला पाच जणांनी पाच तऱ्हेनं सांगितलं.
मी चारला पोचले तेव्हा संचिता
पायरीवर सागरगोटे खेळत होती,
आणि हरत नव्हती.
मी पर्समधली किल्ली हातात धरून
उगाच उभी राहिले.

संध्याकाळी निंगव्वानं स्टॉकची वही पुढं केली.
साखर कमी, काय लिहू?
मी लिहिलं: मुंग्या लागल्या.

आता खणाला कुलूप नाही.
रोज दोन-तीन खडे कमी होतात.
मी मोजते, बोलत नाही,
आणि शनिवारी खानापूरच्या बाजारातून भरून आणते.
मकबूलला नवा कंपास घेतलाय.
मुंग्या मात्र आता खरंच लागल्यात.
बरणीखाली पाण्याची बशी ठेवलीय.